कलावंताचे नाव आणि मालकाची छाप

सिनेमातले एखादे गाणे घ्या. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा, पडद्यावर ओठ हलवणारा चौथा. व्हायोलिन, ढोलकी, बासरी वाजवणारे वीस-पंचवीस जण, ध्वनिमुद्रण करणारा आणखी कोणी, आणि या सर्वांना पैसे मोजणारा निर्माता. हे गाणे पुढे रेडिओवर लागते, हॉटेलात वाजते, साबणाच्या जाहिरातीत शिरते, मोबाइलवर लाखो लोक ऐकतात. दर वेळी कोठेतरी पैसा पडतो. तो कोणाच्या पदरात पडावा, हा आजचा आपला प्रश्न आहे.

या विषयावर बोलायला चळवळीतला माणूस कशाला, असे काही श्रोत्यांना वाटेल. आम्ही वकील नव्हे. आमचे शालेय शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. कायदा आम्ही शिकलो तो कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि युनियनच्या कचेरीत, कलमांवर बोट ठेवून. पण विषय जसजसा वाचत गेलो तसतसे आमच्या ध्यानात आले, की ही सारी अवघड नावे बाजूला केली तर खाली मजुरीचाच जुना हिशेब आहे. काम कोणी केले, नाव कोणाचे लागले आणि नफा कोणी नेला.

प्रथम दोन हक्क वेगळे करू, कारण वर्तमानपत्रांतही त्यांची सरमिसळ होते. कापडाच्या ताग्याच्या टोकाला गिरणीची छाप असे, ती आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. ती छाप म्हणजे ट्रेडमार्क. हा माल अमक्याचा आहे, एवढेच ती सांगते, आणि दुसऱ्याने तीच छाप मारून आपला माल खपवू नये एवढ्यासाठी कायदा तिला संरक्षण देतो. दुसरा हक्क कॉपीराइटचा, म्हणजे स्वामित्वहक्काचा. तो छापेचा नसून कृतीचा आहे: कविता, चाल, नाटक, चित्र, चित्रपट. लेखक-संगीतकाराच्या कृतीवर हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो, आणि मग ती कृती सर्वांची होते.

छापेला मात्र म्हातारपण नाही. आपल्याकडे १९९९ च्या कायद्याने ट्रेडमार्कची नोंद १० वर्षांची असते. पण फी भरून ती पुन्हा पुन्हा, कितीही वेळा वाढवता येते. इंग्लंडात पहिली नोंद १ जानेवारी १८७६ रोजी झाली. ती बास नावाच्या बिअर कंपनीच्या लाल त्रिकोणाची. ती बिअर पहिल्यांदा गाळणाऱ्या कामगारांची पणतवंडेही आज म्हातारी झाली असतील. त्रिकोण अजून तरुण आहे. करमणुकीच्या धंद्यातही छाप असतेच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, १९३३ साली पुण्यास आली, १९५३ साली बंद पडली. पण तुतारी फुंकणारी ती स्त्री पडद्यावर दिसली, की आजही माणसे काय ते ओळखतात.

छापेची मर्यादाही सांगितली पाहिजे. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली 'देसी बॉइज' या चित्रपटाच्या खटल्यात सांगितले. दोन सामान्य शब्द जोडले म्हणून ते कोणाची मालमत्ता होत नाहीत. उलट 'शोले' हे नाव असे, की ते उच्चारले की एकच चित्रपट डोळ्यांपुढे येतो. तेथे शीर्षक छापेचे काम करते, आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्याला त्या नात्याने संरक्षण दिले आहे. तात्पर्य, नावाला मोल येते ते लोकांच्या ओळखीमुळे. ही गोष्ट लक्षात ठेवावी. खेळाडूंकडे वळलो म्हणजे ती पुन्हा लागेल.

आता गाण्याकडे परत येऊ, कारण खरी लढाई तेथे झाली.

आपल्या मराठी रंगभूमीवर एक चांगली रीत आहे. नाटककाराला दर प्रयोगामागे मानधन मिळते, नटाला दर प्रयोगाची 'नाईट' मिळते. पन्नासावा प्रयोग झाला की पन्नासावे पाकीट. नाटक चालले तर सर्वांचे चालले, पडले तर सर्वांचे पडले. ती पाकिटे नेहमी वेळेवर निघतात असे मात्र आम्ही म्हणणार नाही! तरी तत्त्व सरळ आहे. चित्रपटात ही रीत उलटली. तेथे काम एकदा होते आणि विक्री हजार वेळा होते. म्हणून तेथे उक्त्या कामाची पद्धत पडली. गीतकाराला अमुक रुपये, गायकाला अमुक बिदागी, वादकाला दिवसाचे अमुक, आणि सही करून घेतलेल्या कागदावर 'सर्व हक्क, सर्व काळ, सर्व जगात' निर्मात्याला.

१९५७ चा कॉपीराइट कायदा २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्याच्या सतराव्या कलमात लेखक हाच पहिला मालक असे म्हटले आहे, पण लगेच पोटात अपवाद आहेत. चित्रपट ज्याने पैसे देऊन करवला तो चित्रपटाचा मालक. नोकरीत असताना केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा. कामगारांना ही भाषा नवी नाही. संगीतकार आणि गीतकार यांची एक संस्था १९६९ साली निघाली होती. चित्रपटातील गाणे जेथे जेथे जाहीरपणे वाजेल तेथून आम्हांला वाटा मिळावा, असे तिचे म्हणणे. निर्मात्यांनी ते नाकारले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ साली निकाल लागला तो निर्मात्यांच्या बाजूने: पैसे देऊन चाल आणि शब्द करवून घेतले, उलट करार नाही, तर पहिला मालक निर्मात्यासच मानावे.

त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आपल्यापुरती एक टिप्पणी जोडली आहे, ती वाचण्याजोगी आहे. गाण्याला प्राण देणारा गायक, आणि त्यालाच आपल्या कायद्यात कोणताही हक्क नाही, हे त्यांना खटकले, आणि संसदेने याचा विचार करावा असे त्यांनी सुचवले. निकाल कायद्याप्रमाणे द्यावा लागला, पण कायद्यातले भोक त्यांनी दाखवून ठेवले. असे न्यायाधीश आम्हांला आवडतात.

गायकांचा प्रश्न त्याआधीच पेटलेला होता. १९६० च्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकालाही रेकॉर्डच्या विक्रीत वाटा हवा अशी मागणी धरली. महंमद रफी यांचे मत पडले, की गायकाने आपली बिदागी घेतली की व्यवहार पुरा झाला. या मतभेदापायी दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले होते. रफीसाहेबांच्या दिलदारपणाबद्दल कोणाचे दुमत नाही. पण आमच्या चळवळीत एक अनुभव वारंवार येतो: ज्याची चूल पेटलेली आहे त्याने हक्क सोडला, की ज्याची पेटलेली नाही त्याच्यावरही तोच कागद पुढे सरकवला जातो. येथे आम्ही लताबाईंच्या बाजूचे आहोत.

१९९४ च्या दुरुस्तीने गायक, नट, वादक यांना 'सादरकर्ता' म्हणून प्रथमच हक्क मिळाला. पण त्यातही अशी फट होती, की चित्रपटात काम करण्यास एकदा संमती दिली की तो हक्क संपला. म्हणजे छत्री दिली खरी, पण पावसात उघडायची नाही! ही स्थिती २०१२ पर्यंत चालली. त्या वर्षीच्या मे महिन्यात संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली आणि २१ जून २०१२ पासून ती लागू झाली. राज्यसभेत तेव्हा जावेद अख्तर नामनियुक्त सदस्य होते. त्यांनी हा प्रश्न तेथे लावून धरला.

या दुरुस्तीत एक गोष्ट फार मोलाची आहे, आणि आजच्या व्याख्यानातून श्रोत्यांनी एकच गोष्ट घरी न्यायची तर ती ही न्यावी. गीतकार-संगीतकाराचे गाणे चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर दाखवले जाते ते सोडून अन्य मार्गाने वापरले गेले, तर मिळणाऱ्या रॉयल्टीत त्याचा बरोबरीचा वाटा आहे. आणि हा वाटा त्याला विकता येत नाही, सोडून देता येत नाही. त्याने सही केली तरी ती सही व्यर्थ आहे. गायक आणि इतर सादरकर्त्यांनाही त्यांच्या सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टी आहे.

कराराचे स्वातंत्र्य असावे, सज्ञान माणसाला हवी तेथे सही करू द्यावी, असा यावर आक्षेप घेतला जातो. ऐकायला गोड आहे. पण १९४८ च्या किमान वेतन कायद्यानेही हेच केले होते: किमान वेतनापेक्षा कमी घेईन असे कामगाराने लिहून दिले तरी ते लिहिणे निरर्थक ठरवले होते. कारण काय? भुकेच्या वेळी केलेली सही स्वतंत्र नसते, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होते. मुंबईत नवा आलेला गीतकार पहिल्या गाण्यासाठी कोणत्याही कागदावर सही करतो. त्याच्या हातातून पेन काढून घेणे हीच त्याला खरी मदत.

कायदा झाला म्हणून पैसे आले असे नाही. रेडिओ कंपन्यांनी आम्ही रेकॉर्ड कंपनीला पैसे देतो, गीतकाराला वेगळे कशाला, असे म्हणून वर्षानुवर्षे कोर्टकचेरी केली. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात गीतकार-संगीतकारांच्या बाजूने कौल दिला. म्हणजे कायद्यापासून त्या आदेशापर्यंत सुमारे अकरा वर्षे. आणि हे पैसे एकट्यादुकट्याला वसूल करता येत नाहीत. कोणता संगीतकार गावोगावच्या हॉटेलात जाऊन आपली चाल वाजते का ते पाहणार? त्यासाठी वसुली करणारी संस्था लागते, म्हणजे आमच्या भाषेत संघटना.

जाता जाता घरच्या उपयोगाचे. लग्नाच्या वरातीत किंवा लग्नाशी संबंधित समारंभात गाणी वाजवली तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही, असा अपवाद कायद्यातच लिहिलेला आहे. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये या अपवादाचा अर्थ सांगणारे परिपत्रक काढले होते, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. कारण अपवाद किती रुंद हे ठरवणे कचेरीचे काम नव्हे. अपवाद मात्र कायद्यात आहे तसाच आहे. तेव्हा वरातीत बँड वाजवा. नववर्षाच्या तिकीट लावलेल्या पार्टीत मात्र हा आधार चालणार नाही.

संघटनेचा विषय निघाला म्हणून अमेरिकेतील एक जुनी हकिकत सांगतो. तेथील वादकांच्या युनियनने, जेम्स पेट्रिलो अध्यक्ष असताना, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. गाऱ्हाणे असे, की आम्ही एकदा वाजवलेली रेकॉर्ड रेडिओ आणि हॉटेले हजार वेळा वाजवतात आणि तिच्यामुळे आमच्याच भाईबंदांची नोकरी जाते. कंपन्यांनी वाद्यांविना, नुसत्या गळ्यांच्या कोरसवर गाणी काढून पाहिली! अखेर एक मोठी कंपनी १९४३ साली नमली, उरलेल्या दोन बड्या कंपन्या नोव्हेंबर १९४४ मध्ये. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक रेकॉर्डमागे ठरावीक रक्कम एका निधीत पडू लागली आणि त्यातून बेकार वादकांना मोफत जाहीर मैफलींत वाजवण्याचे पैसे मिळू लागले. मौज अशी, की हे कॉपीराइटच्या कायद्याने झाले नाही. त्या वादकांना असा कोणताही हक्क नव्हता. त्यांनी तो काम थांबवून घडवला.

आता मैदानाकडे वळू. १९९६ च्या विश्वचषकात एका शीतपेयाने 'अधिकृत' होण्याचे पैसे मोजले होते. प्रतिस्पर्ध्याने आपल्यात अधिकृत असे काहीच नाही म्हणून जाहिरात केली आणि तीच लोकांच्या तोंडी बसली. तेव्हापासून स्पर्धा भरवणाऱ्यांनी असल्या घुसखोरीचा धसका घेतला. २००३ च्या विश्वचषकाच्या सुमारास फिलिप्स कंपनीच्या मालाच्या जाहिरातीत माल घ्या आणि विश्वचषकाचे तिकीट जिंका असे आमिष होते. त्यावर आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाची व्यापारी कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ऐकले नाही. 'वर्ल्ड कप' हे सर्वांच्या वापरातले शब्द आहेत. आणि प्रसिद्धीचे मोल हा हक्क माणसाच्या ठायी असतो, स्पर्धेच्या ठायी नव्हे, असे ते म्हणाले.

हे वाक्य खेळाडूंच्या फार कामाचे आहे, कारण याच काळात मंडळाने खेळाडूंनाही बांधून घेण्याचा घाट घातला होता. २००२ साली भारतीय खेळाडूंपुढे करार आला तो असा, की स्पर्धेच्या काळात आणि आसपास प्रायोजकांच्या प्रतिस्पर्ध्यांची जाहिरात तुम्ही करायची नाही, मग तुमचे आधीचे करार काहीही असोत. मोठा वाद झाला. खेळाडू श्रीमंत आहेत म्हणून लोकांना त्यांची कीव येत नाही, आम्हांलाही फारशी येत नाही. पण तत्त्व पाहा: आठवडाभर कामावर ठेवले म्हणून माणसाचा चेहराही मालकाचा होतो काय?

याचे उत्तर कलकत्त्यात मिळाले होते. सौरव गांगुली १९९६ साली इंग्लंडात पहिल्या दोन कसोटींत शतके काढून परतले. त्या वेळी ते टाटा टी कंपनीत व्यवस्थापकाच्या नोकरीत होते. कंपनीने चहाच्या पाकिटाबरोबर गांगुलींचे अभिनंदन करण्याची योजना काढली आणि त्यांची परवानगी घेतली नाही. १९९७ साली ते कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. त्यांची कीर्ती ही त्यांची स्वतःची मालमत्ता आहे, हे न्यायालयाने मानले आणि पुढे प्रकरण सामोपचाराने मिटले. पगार दिला तो कामाचा. कीर्ती त्या पगारात येत नाही.

जाहिरातीच्या जगात अशी प्रकरणे पुढे वाढत गेली. दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि गाणाऱ्या बाहुल्या बाजारात आल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली त्या अडवल्या, पण व्यंगचित्र आणि विडंबन यांना या हक्काच्या नावाखाली दाबता येणार नाही, असेही बजावले. हे बजावणे फार आवश्यक होते. नाहीतर पुढाऱ्यांची नक्कलही बंद व्हायची. २०१२ साली मुझफ्फरनगरच्या एका सराफाने अमिताभ आणि जया बच्चन यांच्या दुसऱ्याच कंपनीच्या जाहिरातीचे फलक आपल्या दुकानासाठी लावले होते, तेही असेच थांबवले गेले. आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंह यांच्या आवाजाची यंत्रावर केलेली प्रतिकृती वापरण्यास मनाई केली. गायक न गाता त्याचा आवाज गातो, अशी ही नवी विद्या आहे.

हे सारे निकाल आम्हांला पटतात. पण यादी वाचताना एक गोष्ट खुपते: ही नावे सर्व मोठ्यांची आहेत. मागे गर्दीत उभ्या असलेल्याचे काय?

कायद्यात 'सादरकर्ता' कोण याची व्याख्या आहे. तीत नट, गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, गारुडी यांच्याबरोबर व्याख्यान देणाराही आहे. म्हणजे या व्यासपीठावर बोलणारे आम्ही कायद्याने सादरकर्ते आहोत, गारुड्याच्या शेजारी! परंतु त्याच २०१२ च्या दुरुस्तीत, जी आम्ही इतकी वाखाणली, एक शेपूट जोडलेले आहे: चित्रपटात ज्याचे काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कोठेही येत नाही, तो सादरकर्ता नव्हे. म्हणजे एक्स्ट्रा. पहाटे फाटकाशी उभा राहणारा, सप्लायरला कमिशन देऊन उरलेला रोज घेणारा, कधी वऱ्हाडी, कधी शिपाई, कधी प्रेत होणारा. नाव दिले नाही म्हणून हक्क नाही. आणि नाव द्यायचे की नाही हे ठरवणार मालक.

जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतील नटांची युनियन संपावर गेली तेव्हा तिने असा आरोप केला, की एक्स्ट्राला एक दिवसाची मजुरी द्यायची, त्याच्या शरीराची यंत्राने नक्कल घ्यायची आणि ती कायमची वापरायची असा निर्मात्यांचा प्रस्ताव आहे. निर्मात्यांच्या संघाने तो आरोप नाकारला. संप ११८ दिवस चालला. शेवटच्या करारात एक्स्ट्राच्या नकलेसाठीही त्याची संमती घ्यावी लागेल, आणि ठरलेल्या संख्येइतकी माणसे कामावर घेण्याऐवजी अशा नकला उभ्या करता येणार नाहीत, असे लिहून घेतले गेले.

आपल्याकडे एक्स्ट्राला अजून असे लिहून मिळालेले नाही. पण त्या शेपटातच एक धागा शिल्लक आहे. एक्स्ट्रा अन्य कशासाठी नसला तरी एका गोष्टीसाठी कायद्याने सादरकर्ताच मानला जातो: त्याच्या सादरीकरणाची अशी मोडतोड किंवा फेरबदल केला की ज्याने त्याच्या लौकिकास बाध येईल, तर तो मनाई मागू शकतो आणि नुकसानभरपाईही. हा हक्क ३८-ब कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात आहे. वऱ्हाडी म्हणून उभ्या राहिलेल्या बाईचा चेहरा उद्या भलत्याच प्रसंगात, भलत्याच कपड्यांत चिकटवला गेला, तर आमच्या मते या कलमाने दार ठोठावता येईल. त्यासाठी ती त्या दिवशी तेथे होती याचा पुरावा लागेल: हजेरीची पावती, सप्लायरने दिलेला कागद, चित्रीकरणाची तारीख आणि जागा. एक्स्ट्रांच्या सभांत आम्ही हल्ली प्रत्येकाला छोटी वही ठेवायला सांगतो आणि त्या दिवसाच्या पानावर सप्लायरची सही घ्यायला लावतो. सप्लायर कुरकुर करतात, पण चौघे एकदम वही पुढे करतात तेव्हा सही देतात.